थर्ड इयरचं इलेक्टिव्ह, ऑनर्सचा फॉर्म आणि राहिलेला एम-थ्री: एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी नाशिकमधल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर डिपार्टमेंटला शिकवते आणि दरवर्षी काही मुलं-मुली मेंटॉर म्हणून माझ्याकडे असतात. त्यातलंच हे एक प्रकरण, २०२२ ते २०२४ मधलं. मुलीची परवानगी घेऊन लिहितेय. तिला आपण सायली म्हणू, खरं नाव वेगळं आहे, आणि गावाच्या बाबतीत निफाड तालुका एवढंच पुरे. सविस्तर लिहायचं कारण असं की थर्ड इयरच्या सुरुवातीला जे फॉर्म भरून घेतात ते मुलं कँटीनमध्ये बसून पाच मिनिटात भरतात, आणि त्याचे परिणाम पुढची दोन वर्षं चालतात.

पार्श्वभूमी

सायली डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. दहावीपर्यंत गावातच मराठी मीडियम, मग पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटर डिप्लोमा, शेवटच्या वर्षाला ८८ टक्के. ते वर्ष कोविडचं होतं, परीक्षा ऑनलाइन झालेल्या, त्यामुळे त्या टक्क्यांवरून पाया किती पक्का आहे ते कळत नव्हतं आणि याची तिलाही कल्पना होती. घरी दोन एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा. वडील, तिच्या भाषेत आण्णा, बाग बघतात, मोठा भाऊ पिंपळगावला एका दुकानात कामाला.

डिप्लोमावाल्यांची एक गोष्ट बाहेरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. ही मुलं प्रॅक्टिकलला पुढे असतात, मायक्रो प्रोजेक्ट, पीएचपी, जावा, नेटवर्किंगच्या केबल क्रिंप करणं हे सगळं त्यांनी केलेलं असतं, पण फर्स्ट इयरचे एम-वन आणि एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथ्सचे पहिले दोन विषय, त्यांना नसतात, आणि सेकंड इयरच्या चौथ्या सेमिस्टरला एकदम एम-थ्री समोर येतो. त्यात तिच्या सेकंड इयरला, म्हणजे २०२१-२२ ला, एसटीचा संप लांबला होता. काळी-पिवळीने नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत आणि तिथून सिटीलिंक, म्हणजे शहर बस, पकडून कॉलेज, हे रोज परवडणारं नव्हतं म्हणून बरेच दिवस बुडाले. बाकीच्या विषयांचं तिने नोट्सवर भागवलं, गणिताचं नाही भागलं.

ही बॅच पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नची. आता २०२४ पॅटर्न आलाय, त्यात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, ओपन इलेक्टिव्ह वगैरे आहे आणि विषयांची मांडणी बदललीय, त्यामुळे खालची विषयांची नावं जशीच्या तशी स्वतःला लावू नका, आपापल्या वर्षाचा सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवरून उघडून बघा.

अडचण

थर्ड इयर सुरू झालं आणि पहिल्या काही आठवड्यात सायलीसमोर एकदम पाच गोष्टी आल्या.

पहिली म्हणजे इलेक्टिव्ह वनचा, म्हणजे आपण निवडायच्या पहिल्या विषयाचा फॉर्म. २०१९ पॅटर्नला पाचव्या सेमिस्टरला चार पर्याय: आयओटी अँड एम्बेडेड सिस्टीम्स, ह्यूमन कॉम्प्युटर इंटरफेस, डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स आणि सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट (एसपीएम). कागदावर चार असले तरी पुरेशी मुलं आणि शिकवणारं माणूस असेल तेवढेच विषय प्रत्यक्षात चालतात. आमच्याकडे त्या वर्षी एसपीएम आणि डिस्ट्रिब्युटेड हे दोनच.

दुसरी, ऑनर्स, म्हणजे नेहमीच्या डिग्रीसोबत घ्यायचा जादा कोर्स. एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी नावं, चार सेमिस्टरमध्ये मिळून २० जादा क्रेडिट. सायलीने एआय-एमएलचा फॉर्म भरूनही टाकला होता कारण तिच्या ग्रुपमधल्या सगळ्याजणींनी भरला होता.

तिसरी, कॉलेज रोडवरचा एक क्लास. फुल स्टॅक, सहा महिने, ४५ हजार रुपये, आणि बॅनरवर शंभर टक्के प्लेसमेंट. आण्णांनी पतसंस्थेत चौकशीसुद्धा केली होती, द्राक्षाचे पैसे मार्चमध्ये आले की फेडू असा हिशोब.

चौथी, गेट, म्हणजे एमटेक प्रवेशाची परीक्षा. मामेभाऊ म्हणाला की थर्ड इयरलाच गेट देता येतं, आत्तापासून सुरू कर.

आणि पाचवी, या सगळ्याच्या मधोमध आलेला निकाल: एम-थ्री राहिला.

ती केबिनला आली तेव्हा रडत वगैरे नव्हती. वहीत पाचही गोष्टी लिहून आणल्या होत्या आणि विचारलं, "मॅडम, यातलं सगळं कसं करू ते सांगा." तिचा प्रश्न 'काय करू' असा नव्हताच, 'सगळं कसं करू' असा होता, आणि माझ्या मते अडचण तिथेच होती. मुलं पर्याय निवडायला येत नाहीत, सगळे पर्याय घेतलेलेच असतात, आपण फक्त टाइमटेबल बनवून द्यायचं असतं.

आधी तासांची मोजणी

कुठल्याही विषयाच्या नावाकडे जायच्या आधी आम्ही तिचा आठवडा कागदावर मांडला. सकाळी सव्वासातला फाट्यावर एसटी, चांदोरीवरून द्वारका, तिथून सिटीलिंक. संध्याकाळी घरी पोचायला सात. मग स्वयंपाकाला हातभार, जेवण, आणि साडेआठ ते दहा मोकळे, तेही लाइट असली तर. म्हणजे सोमवार ते शुक्रवार साडेसात तास, शनिवारी तीन, रविवारी पाच. एकूण साडेपंधरा. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर थोडं वाचन होतं, पण ते मोजणीत धरलं नाही कारण जागा मिळेलच असं नाही. आणि द्राक्षाच्या गोड्या छाटणीच्या दिवसात, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास, रविवार घरच्यांना द्यावा लागतो हे तिने स्वतःहून सांगितलं. इन-सेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षाही त्याच सुमाराला येते.

आता दुसरी बाजू. एम-थ्रीला आठवड्याला किमान सहा तास. रोजच्या विषयांचे असाइनमेंट आणि राइट-अप सहा तास. डेटा स्ट्रक्चरचा सराव आणि ॲप्टिट्यूड मिळून चार. झाले सोळा, म्हणजे ऑनर्स, क्लास, गेट यांचं नावही न घेता अर्धा तास कमीच पडत होता.

ऑनर्सचं लेक्चर आमच्याकडे रेग्युलर कॉलेज संपल्यावर साडेचारनंतर आणि शनिवारी. आठवड्याला चार तास थिअरी, दोन तास प्रॅक्टिकल, वर घरचा अभ्यास. शेवटची सोयीची बस चुकली तर घरी पोचायला नऊ. आण्णांशी फोनवर बोलले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, शिकायला माझी ना नाही, पण पोरगी रात्री नऊला फाट्यावर उतरंल अन् तिथून अंधारात चालत यील, ते जमायचं नाय." मला त्यांचं बरोबर वाटलं. हा अभ्यासातला अडथळा आहे असं समजून मुलीला 'घरच्यांना समजव' म्हणणारे आमच्यातही आहेत, पण फाट्यापासून वस्तीपर्यंत दिवे नाहीत ही खरी परिस्थिती आहे, ती समजावून जात नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: ऑनर्स ठेवायचं की सोडायचं

पर्याय तीन होते. ऑनर्स ठेवायचं आणि एम-थ्री पुढच्या मे-जूनला द्यायचा. ऑनर्स ठेवायचं आणि दोन्ही एकदम ओढायचं. किंवा ऑनर्स सोडून येत्या हिवाळी परीक्षेतच एम-थ्री काढायचा.

सायलीचा कल पहिल्याकडे होता. तिचं म्हणणं, एक विषय राहिला तरी एटीकेटीवर थर्ड इयर चालतंच, मग घाई कशाला. इथे नियम नीट बघावा लागतो. सेकंड इयरचा विषय राहिला तर थर्ड इयरला बसता येतं हे खरं, पण सेकंड इयर पूर्ण सुटल्याशिवाय बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, प्रवेश मिळत नाही. म्हणजे तिच्या हातात दोनच संधी होत्या, हिवाळी आणि उन्हाळी. पहिली सोडली तर सगळं एका पेपरवर येऊन थांबणार आणि तो हुकला तर वर्ष जाणार.

पण मला त्याहून महत्त्वाचं दुसरंच वाटत होतं, आणि ते तिला सिलॅबस उघडून दाखवलं. एम-थ्रीच्या सहा युनिटमध्ये पहिली दोन म्हणजे लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि ट्रान्सफॉर्म्स, ती इन-सेमला येतात, ३० मार्कांना. एंड-सेमचा ७० मार्कांचा पेपर युनिट तीन ते सहावर: स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी आणि न्यूमेरिकल मेथड्स. सायली वर्षभर घाबरून होती ती डिफरन्शियल इक्वेशनला, कारण इंटिग्रेशन कच्चं. त्याच भीतीपायी पुढचं काही नीट उघडलंच नव्हतं. आणि पुढचं जे होतं, मीन-व्हेरियन्स, कोरिलेशन, रिग्रेशन, बेज थिअरम, डिस्ट्रिब्युशन्स, तेच तर मशीन लर्निंगचं पहिलं पान आहे. ऑनर्समध्ये पहिल्या महिन्यापासून ते येतंच असं गृहीत धरून शिकवतात, सहाव्या सेमिस्टरच्या डेटा सायन्सला ते लागतं, बीईच्या एमएलला लागतं.

म्हणजे ज्या विषयात ती नापास झाली होती त्याच्याच पुढच्या पायरीचा कोर्स ती जादा म्हणून घेत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं कारण आपल्याकडे गणिताचे शिक्षक वेगळे, ऑनर्सचे कोऑर्डिनेटर वेगळे, आणि फॉर्मवर 'या विषयाआधी काय यायला हवं' असा रकानाच नसतो.

हे बघितल्यावर तिने दोन दिवस मागितले. तिला सोडवत नव्हतं, आणि त्याचं कारण मला पूर्ण पटतं: डिग्रीवर 'ऑनर्स' लिहून येणं ही खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलीसाठी लहान गोष्ट नाही. शेवटी तिने माघारीचा अर्ज दिला, मुदतीच्या आत. मी तिला सोड असं म्हटलं नाही. तासांचा कागद आणि सिलॅबस समोर ठेवून "यातलं काय काढशील?" एवढंच विचारलं. निर्णय तिचा होता, आणि दोन वर्षं तो निभवायचाही तिलाच होता.

दुसरा टप्पा: इलेक्टिव्ह

वर्गात हवा अशी होती की एसपीएम स्कोरिंग, डिस्ट्रिब्युटेड अवघड. सिनियर्सनी तसंच सांगितलेलं. सायलीला वाटत होतं की आधीच एक विषय राहिलाय तर सोपंच घ्यावं. या विचारात चूक काही नाही, आणि ज्याला क्लायंटसमोरचं, प्लॅनिंगचं काम करायचंय त्याला एसपीएम उपयोगीच पडतं.

पण एक गोष्ट मुलं विसरतात: इलेक्टिव्ह म्हणजे फक्त एक थिअरी पेपर नाही. पाचव्या सेमिस्टरला लॅबोरेटरी प्रॅक्टिस वनमध्ये सिस्टीम्स प्रोग्रामिंगसोबत इलेक्टिव्ह वनचे प्रॅक्टिकल असतात, सहाव्याला लॅब प्रॅक्टिस टूमध्ये एआयसोबत इलेक्टिव्ह टूचे. म्हणजे इलेक्टिव्ह निवडताना आपण वर्षभर लॅबमध्ये बसून काय बनवणार तेसुद्धा निवडतो. सायलीची ताकद नेमकी लॅबमध्ये होती. डिप्लोमात तिने सॉकेट प्रोग्रामिंग केलं होतं, त्याच सेमिस्टरला कॉम्प्युटर नेटवर्क्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम चालू होतं, आणि डिस्ट्रिब्युटेडचा निम्मा पाया या दोघांतच आहे. वेगळं नवीन काही कमी वाचावं लागणार होतं.

मी तिला दोन्ही विषयांच्या मागच्या प्रश्नपत्रिका काढून आणायला सांगितल्या आणि प्रत्येक प्रश्नासमोर 'हे मला रोजच्या विषयात येणारच आहे' किंवा 'हे पूर्ण नवीन' अशी खूण करायला लावली. एसपीएममध्ये पाठांतर जास्त निघालं, डिस्ट्रिब्युटेडमध्ये ओळखीचं जास्त निघालं. तिने डिस्ट्रिब्युटेड घेतलं. वर्गातली बहुतेक मुलं एसपीएमला गेली, डिस्ट्रिब्युटेडची बॅच जेमतेम चालण्याएवढी झाली, आणि छोट्या बॅचचा फायदा असा की शंका विचारायला सर मोकळे असायचे. सहाव्याला क्लाउड कॉम्प्युटिंग घेतलं, त्यात फार विचार करावा लागला नाही, डिस्ट्रिब्युटेडनंतर ते सरळच येतं.

तिसरा टप्पा: क्लास आणि गेट

क्लासच्या बाबतीत मी आण्णांना एवढंच सुचवलं की पैसे भरायच्या आधी ॲडमिशन फॉर्मची कोरी प्रत घरी मागून घ्या आणि वाचा. त्यांनी भावाला पाठवलं. फॉर्मवर बॅनरमधलं 'शंभर टक्के' नव्हतं, 'प्लेसमेंटसाठी सहाय्य' असं होतं, आणि भरलेली फी कुठल्याही कारणाने परत नाही ही ओळ होती. मागच्या बॅचचे कोण कुठे लागले ते सांगा म्हटल्यावर काउन्सेलरने व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवले. भाऊ म्हणाला, पोस्टरवरच्या पोरांशी बोलायचंय, नंबर द्या. ते मिळालं नाही. विषय तिथे संपला. नाशिकमध्ये चांगले शिकवणारे क्लास आहेत, सगळे एका मापाने मोजत नाही, पण कर्ज काढून भरायच्या फीला कागद वाचणं हे किमान आहे.

त्याऐवजी तिने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातला डीबीएमएसचा, म्हणजे डेटाबेसचा, आठ आठवड्यांचा कोर्स धरला. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची १००० रुपये फी, असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. डीबीएमएस त्याच सेमिस्टरला तिच्या रेग्युलरमध्ये होतं म्हणून हे जादा तास नव्हते, कॉलेजच्या अभ्यासातच ते बसलं. व्हिडिओ रात्री डाउनलोड करून सकाळी बसमध्ये बघायची.

गेट तिने त्या वर्षापुरतं बाजूला ठेवलं. १०० मार्कांतले १५ जनरल ॲप्टिट्यूडला आणि साधारण १३ इंजिनिअरिंग मॅथ्सला, त्या मॅथ्समध्ये पुन्हा प्रोबॅबिलिटी. म्हणजे तिथेही एम-थ्रीच आडवा. आधी तो काढायचा हे ठरलेलंच होतं, त्यामुळे या निर्णयाला पाच मिनिटं लागली.

पुढे काय झालं

एम-थ्रीसाठी पद्धत साधी ठेवली. एक सिनियर मुलगी, तीही डिप्लोमाचीच, दुपारच्या सुट्टीत अर्धा तास तिच्यासोबत बसायची, रोज दोन गणितं, तीही युनिट तीन ते सहामधलीच. छाटणीच्या दिवसात रविवार गेले तेव्हा इन-सेमचे मार्क कमी आले, ते धरलेलंच होतं. हिवाळी परीक्षेत एम-थ्री सुटला.

सहाव्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते. इथे परत दोन वाटा होत्या. बरीच मुलं ऑनलाइन व्हर्च्युअल इंटर्नशिप करतात, काही पैसे भरून नुसतं सर्टिफिकेट घेतात. सायलीला अंबडच्या बाजूला एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात जागा मिळाली, स्टायपेंड फक्त प्रवासखर्चापुरता. एमआयडीसीतल्या कारखान्यांना स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर देणारं ऑफिस. पहिले काही दिवस तिला नुसत्या एक्सेल शीट साफ करायला दिल्या आणि ती वैतागली, मैत्रिणी घरी बसून मशीन लर्निंगचं सर्टिफिकेट घेत होत्या. मी थांब म्हटलं, कारण ज्या डेटाबेसला रोज खरी माणसं शिव्या देतात त्यावर काम करायची संधी कॉलेजात मिळत नाही. नंतर रिपोर्ट बनवायला मिळाले, एक रिपोर्ट उघडायला खूप वेळ घ्यायचा, तो इंडेक्स लावून तिने वेगात आणला. तिथून एसक्यूएल तिच्या हाताखाली आलं ते कायमचं.

बीईचा प्रोजेक्ट निवडताना ग्रुपचं म्हणणं फेस डिटेक्शनचं काहीतरी करू असं होतं, तयार कोड मिळतो. सायलीने घरचा विषय मांडला. निर्यातीच्या द्राक्षाला अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट साइटवर प्लॉटची नोंदणी लागते, कुठलं औषध कधी फवारलं याची नोंद ठेवावी लागते, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात, नाहीतर रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या, तपासणीत माल अडकतो. आण्णा ही नोंद वहीत ठेवायचे, आणि भाऊ व मजूर वेगवेगळे सांगायचे. या पोरींनी मराठीत चालणारं, नेटवर्क नसताना नोंद घेणारं आणि रेंज आली की जोडून घेणारं मोबाइल ॲप बनवलं. दोन मोबाइलवरून एकाच प्लॉटची वेगळी नोंद झाली तर कुठली आधीची मानायची हा प्रश्न आला, आणि तिथे डिस्ट्रिब्युटेडमधलं लॉजिकल क्लॉकचं प्रकरण कामाला आलं. थर्ड इयरला मुलं ज्याला अवघड म्हणून टाळत होती तोच विषय.

निकाल

२०२३-२४ हे वर्ष प्लेसमेंटला वाईट होतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांनी फ्रेशर घेणं खूप कमी केलं, आणि आमच्यासारख्या शहरातल्या कॉलेजांना ते आधी जाणवतं. सायलीचे दोन ड्राइव्ह, म्हणजे कॉलेजातल्या कंपनीच्या निवड फेऱ्या, हातचे गेले. एकात ॲप्टिट्यूडलाच अडली, दुसऱ्यात टेक्निकलला ऑपरेटिंग सिस्टीमच्या डेडलॉकवर गडबडली. आणखी एका कंपनीने शॉर्टलिस्ट करताना डेटा सायन्सचं ऑनर्स असलेल्या मुलांना पुढे घेतलं, त्यात तिचं नाव नव्हतं. ते तिला लागलं, आणि ऑनर्स सोडण्याची ती खरी किंमत होती, ती लपवायचं कारण नाही. तिच्याच ग्रुपमधल्या एका मुलीने ऑनर्स पूर्ण केलं, ती नाशिकमध्येच राहणारी, कॉलेजपासून दहा मिनिटांवर, आणि तिला त्याचा उपयोग झाला. दोघींच्या हुशारीत फरक नव्हता, अंतरात होता.

मार्चच्या सुमाराला पुण्याच्या एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीने ऑफ-कॅम्पस बोलावलं. इंटरव्ह्यूचा बराचसा भाग फवारणीच्या ॲपवर गेला: नेटवर्क तुटलं तर काय, दोन नोंदी भिडल्या तर काय, टेबल असं का केलं. तिला सगळं सांगता आलं कारण सगळं तिने केलेलं होतं, आणि जिथे येत नव्हतं तिथे येत नाही म्हणाली. बॅकएंडला निवड झाली, पॅकेज वर्षाला पावणेचार लाख. वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यांमध्ये ते येत नाही. पण निकालाच्या वेळी बॅकलॉग नव्हता, कर्ज नव्हतं, आणि काम आवडीचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट राहण्याची. थर्ड इयरला आम्ही सगळे तासांत अडकलो होतो, पण त्यातले रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासाचे होते आणि त्यांना कुणी हात लावला नाही. घरचे क्लासला ४५ हजार उभे करायला तयार होते. बीईला तिने कॉलेजजवळ दोन मुलींसोबत कॉट बेसिसवर खोली घेतली, भाडं २५०० आणि दोन वेळचा डबा २६००, म्हणजे दहा महिन्यांचे ५१ हजार. बसचा पास आणि बाहेरचं खाणं वजा केलं तर क्लासच्या फीइतकाच खर्च. हाच पैसा थर्ड इयरला खोलीला लागला असता तर ऑनर्सचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला असता असं तिलाही वाटतं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो, पण तिच्या घरी ती माहीतच नव्हती, बीईला रूममेटकडून कळली. आता आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून प्रोफेशनल कोर्सची शिक्षण फी माफ आहे, त्यामुळे वाचलेला पैसा राहण्याला लावता येतो का हा विचार पालकांनी ॲडमिशनच्या वेळीच करावा.

दुसरं, डेटा स्ट्रक्चर आणि ॲप्टिट्यूड मिळून ठरवलेल्या चार तासांत फक्त डेटा स्ट्रक्चरच होत राहिलं. ॲप्टिट्यूडला वेगळा दिवस पाडायला हवा होता, पहिला ड्राइव्ह त्यावरच गेला.

तिसरं, ऑपरेटिंग सिस्टीम पाचव्या सेमिस्टरला चांगली झाली होती, पण परीक्षेनंतर वर्षभर उघडलीच नाही. ड्राइव्ह सुरू व्हायच्या आधी ओएस, डीबीएमएस, नेटवर्क्स यांची उजळणी जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी होती. इंटरव्ह्यूत इलेक्टिव्हपेक्षा हेच जास्त विचारतात, सर्व्हिस कंपनी असो की प्रॉडक्ट.

चौथं डिपार्टमेंटचं. इलेक्टिव्हचा फॉर्म दोन दिवस उघडा असतो आणि विषयाची ओळख म्हणून फक्त नाव असतं. सायलीच्या प्रकरणानंतर माझ्याकडच्या मुलांना मी फॉर्मच्या आधी तीन गोष्टी आणायला लावते: आठवड्याच्या तासांचा कागद, दोन पर्यायांच्या खुणा केलेल्या प्रश्नपत्रिका, आणि विषयाआधी काय यायला हवं त्याची यादी. सगळे आणत नाहीत. जे आणतात त्यांच्याशी बोलणं सोपं जातं, निर्णय ते स्वतःच घेऊन आलेले असतात.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. ऑनर्सचं लेक्चर अजून साडेचारनंतरच असतं, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरहून येणाऱ्या मुली त्यातून आपोआप गळतात. टाइमटेबलच्या मीटिंगमध्ये मी ते दुपारच्या स्लॉटला आणायची मागणी केलीय, लॅब रिकाम्या नसतात असं उत्तर आलं. पुढच्या मीटिंगला कुठल्या वारी कुठली लॅब रिकामी असते त्याचा तक्ता घेऊन जाणार आहे.